शकुंतला इंग्रजांची नव्हती. मग होती कोणाची?

पंधरा ऑगस्ट जवळ आला की तो फॉरवर्ड हमखास येतो. ‘भारतातली ही एकमेव रेल्वे आजही इंग्रजांच्या मालकीची! सरकार अजून लंडनला रॉयल्टी पाठवतं!’ खाली वाफेच्या इंजिनाचा फोटो, आणि तोही बहुतेक वेळा दार्जिलिंगचा. आमच्या कारंज्याच्या ग्रुपवर यंदा तिघांनी टाकला. खाली संतापाचे इमोजी, ‘गुलामगिरी संपली नाही’ वगैरे. तिघांपैकी कोणालाही असं वाटलं नाही की ज्या गाडीची मालकी आपण लंडनला देतोय ती आपल्याच गावात येत होती, आणि आता येत नाही.

म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे. वेळ असेल तेव्हा वाचा.

बाहेरच्या वाचकांसाठी आधी नकाशा. मुंबई–नागपूर लोहमार्गावर अकोला आणि बडनेरा यांच्या मध्ये मूर्तिजापूर लागतं. तिथून दोन नॅरोगेज फाटे निघायचे. एक उत्तरेला दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला, ७६ किलोमीटर. दुसरा दक्षिणेला कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, ११३ किलोमीटर. रुळांमधलं अंतर अडीच फूट. या दोन्ही फाट्यांवरच्या गाडीला लोक शकुंतला म्हणायचे. आर्वी–पुलगाव हा वर्धा जिल्ह्यातला छोटा फाटाही त्याच कंपनीचा. आता या मार्गांवर नॅरोगेजची गाडी नाही. गेल्या दशकात आधी यवतमाळची बाजू थांबली, मग अचलपूरची. मधल्या पंचवीस-तीस स्थानकांना टाळं लागलं. काहींना टाळंही नाही, कारण दार शिल्लक नाही.

आता ही गाडी आली का, ते बघू. एका शब्दात उत्तर कापूस.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. त्याआधी इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार मिर्झापूरला, गंगेकाठी जायचा. तिथून नावेनं कलकत्त्याला. वाटेत पाऊस लागला की कापूस भिजून जड, बैल चिखलात, आणि माल पोचेपर्यंत त्यात धूळ किती नि रुई किती हे देवालाच ठाऊक. मग १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि सगळ्यांची नजर वऱ्हाडावर आली. १८६७ साली जीआयपीची गाडी नागपूरला पोचली. पण मुख्य मार्ग काही प्रत्येक कापूसगावातून जात नव्हता. खामगाव बाजूला राहिलं, अमरावती बाजूला राहिली. त्या दोन्ही पेठांना सरकारनं १८७०–७१ मध्ये लगेच फाटे काढून दिले. कारंजा, दारव्हा, यवतमाळ, एलिचपूर (म्हणजे आजचं अचलपूर) यांनी मात्र वाट पाहिली. चाळीसेक वर्षं.

इथं कारंज्याबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे, कारण आम्हालाच ते माहीत नसतं. कारंजा लाड म्हटलं की लोकांना नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान आठवतं, जैन मंदिरं आठवतात. पण शेतीबाजाराचं कोणतंही पाठ्यपुस्तक उघडा. देशातला पहिला नियमित बाजार कोणता? कारंजा, १८८६. हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमानं इथं कापसाच्या खरेदी-विक्रीला नियम लागले. नंतर १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. आजच्या बाजार समित्यांची वंशावळ तिथपर्यंत जाते. हेतू शेतकऱ्याचं भलं हा नव्हता, हेही स्पष्ट सांगतो. मँचेस्टरला स्वच्छ, भेसळ नसलेला कापूस रास्त भावात हवा होता, म्हणून वजन-मापाला शिस्त आणली. पण शिस्त आली ती आली.

म्हणजे देशातला पहिला नियमित बाजार ज्या गावात, त्या गावाहून माल बाहेर काढायला साधन काय, तर बंडी. काळी माती. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चाकाच्या आऱ्यापर्यंत चिखल. कारंज्याहून मूर्तिजापूर तीसेक किलोमीटर. भरल्या बंडीला दिवस पुरायचा नाही.

सरकारला प्रत्येक ठिकाणी स्वतः रूळ टाकायचे नव्हते. म्हणून शाखा-मार्गांसाठी एक पद्धत काढली गेली. खासगी कंपनीनं भांडवल उभं करायचं, मार्ग बांधायचा. गाडी मात्र मुख्य रेल्वेनंच चालवायची, डबे-इंजिन-माणसं तिची. उत्पन्नातून चालवण्याचा वाटा मुख्य रेल्वे कापून घेणार, उरलेलं कंपनीला. भागधारकांना ठरावीक परतावा मिळेल अशी हमी किंवा सवलत सरकारकडून. आणि एक कलम लक्षात ठेवा, पुढं लागेल: या अटींखाली जमीन सरकार कंपनीला फुकट द्यायचं.

अशा कंपन्या काढण्यात मुंबईची किलिक निक्सन ही पेढी तरबेज होती. १८५७ सालची पेढी. सुरत–अमळनेरची ताप्ती व्हॅली रेल्वेही तिच्याच व्यवस्थापनाखाली झाली. तिनंच १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि १९१६ पर्यंत आमचे हे फाटे पुरे झाले. म्हणजे पेढी गोऱ्यांची होती हे खरं. पण रेल्वेची कंपनी मुंबईत नोंदलेली, रुपयाच्या भांडवलाची. तिचे भाग मुंबईच्या बाजारात विकत मिळायचे, आणि ते घेणाऱ्यांत देशी शेठसावकार होतेच. स्वातंत्र्यानंतर किलिक निक्सन ही पेढीसुद्धा भारतीयांच्या हातात आली. म्हणजे फॉरवर्डवाल्यांनी ज्या लंडनला शिव्या घातल्या, त्या लंडनचा यात पत्ताच नाही. हिशेब मुंबईतल्या मुंबईत होता.

स्थानकांबद्दल लिहितो, कारण मला खरं म्हणजे त्यांच्याबद्दलच लिहायचं होतं.

आमच्याकडची स्थानकं म्हणजे मोठं काही नाही. बुटकी इमारत, तिकिटाची एक खिडकी, बाहेर कडुनिंब. प्लॅटफॉर्म असा नाहीच, जमिनीवरूनच पायरीवर पाय टाकायचा. पण स्थानकाभोवती जे होतं ते बघा. जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने, गोदामं, अडत्यांच्या बैठका. शेतकरी सरकीसकट कापूस बंडीतून आणणार, जिनात सरकी वेगळी होणार, रुई दाबून गठाणी बांधणार, आणि त्या गठाणी मूर्तिजापूरला जाऊन मोठ्या डब्यात चढणार. रुळांची रुंदी बदलते म्हणून प्रत्येक गठाण एकदा उतरवायची, एकदा चढवायची. मूर्तिजापूरच्या हमालांचं पोट त्यावर. स्वस्तात मार्ग बांधला त्याची किंमत अशी रोज, गठाणीमागे मोजली जात होती, आणि ती कापूसवाल्याच्या भावातूनच जात होती.

हंगाम दिवाळीनंतरचा. माझे आबाजी सांगायचे, त्या दिवसांत कारंज्यात रात्री झोप यायची नाही, बंड्यांची रांगच्या रांग, बैलांच्या घुंगरांचा आवाज. उन्हाळ्यात मात्र सगळं सामसूम. मग गाडीत कोण? लग्नाची वऱ्हाडं, गुरुमंदिरात येणारी दत्तभक्त मंडळी, दवाखान्याला अकोल्याला निघालेली म्हातारी माणसं. मोठ्या गाडीनं मूर्तिजापूरला उतरायचं आणि शकुंतलेत बसायचं. वेगाबद्दल गावात विनोद कायम. “शकुंतलेनं जाशीन तं रातच्याला पोचशीन, पायी जाशीन तं सांजच्याला.” चालत्या गाडीतून उतरून, शेतातली बोरं तोडून परत चढल्याच्या गोष्टी प्रत्येक घरात आहेत. निम्म्या खोट्या असतील. निम्म्या माझ्या डोळ्यांसमोरच्या आहेत.

पण हा विनोद पुढं पुढं फार गोड राहिला नाही. शेवटच्या वर्षांत गाडी ताशी वीस किलोमीटरच्या आसपास चालायची, दिवसातून एक फेरी. बऱ्याच स्थानकांवर मास्तर नव्हता. तिकीट गार्डच फाडायचा. फाटक आलं की गाडी थांबणार, गाडीतला माणूस उतरून फाटक बंद करणार, गाडी पुढं जाणार, तो फाटक उघडून पळत येऊन परत चढणार. तो माणूस आम्हाला नावानिशी माहीत असायचा. हे बघायला परदेशातून हौशी फोटोवाले यायचे. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं झेडडी जातीचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत इथं धावलं, मग डिझेल आलं. सत्तर वर्षं एकच इंजिन! वर्तमानपत्रांनी कौतुकाचे लेख छापले. मला त्यात कौतुकासारखं काही दिसत नाही. देशात राजधानी एक्सप्रेस धावायला लागून पंचवीस वर्षं झाली होती आणि यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणाला जोडणारी एकुलती एक गाडी पणजोबांच्या वयाच्या इंजिनावर होती. वारसा म्हणून ते इंजिन कोणी राखलं नव्हतं. दुसरं द्यायचं कोणी, हे ठरत नव्हतं म्हणून ते राहिलं होतं.

आणि इथंच खरा मुद्दा आहे.

जीआयपी १९२५ साली सरकारच्या ताब्यात आली. ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे तयार झाली, संस्थानांच्या रेल्वे त्यात विलीन झाल्या. पण आमचे रूळ या कोणत्याच यादीत बसले नाहीत. गाडी मध्य रेल्वेची, माणसं मध्य रेल्वेची, रूळ कंपनीचे. जुना करार पुढं सरकवत राहायचं, एवढंच होत राहिलं.

आता शेजारी बघा. बार्शी लाईट रेल्वे. कुर्डुवाडीहून बार्शी, पुढं लातूर, दुसरीकडं पंढरपूर, मिरज. तीही अडीच फुटीच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनीअरनं १८९५ साली लंडनमध्ये कंपनी काढून ती बांधली, १८९७ ला गाडी सुरू. म्हणजे ही खरीखुरी इंग्रजांची. ती सरकारनं १ जानेवारी १९५४ ला विकत घेतली. मालकी एक झाली. पुढं पन्नास वर्षं तीही रखडली, नाही असं नाही, पण २००० नंतर टप्प्याटप्प्यानं सगळी ब्रॉडगेज झाली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. १२ तारखेला पहिली गाडी पोचली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. कुठून आली? पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी. ज्या वाटेनं कॅलथ्रॉपचे चिमुकले डबे जायचे त्याच वाटेनं. १९५४ साली खरेदीच्या कागदावर सही झाली नसती तर २०१६ साली लातूरला रुळावरून पाणी मिळालं असतं का, याचा विचार करून बघा.

दुसरं उदाहरण उत्तरेचं. कलकत्त्याच्या मार्टिन कंपनीच्या छोट्या रेल्वे होत्या. दिल्लीजवळ शहादरा–सहारनपूर, बिहारात आरा–सासाराम, बंगालमध्ये हावडा–आमता. तोटा झाला, कंपनीनं सरळ बंद केल्या. १९७०, १९७८, १९७१. लोकांचे हाल झाले, आंदोलनं झाली. पण बंद पडल्यामुळं प्रश्न उघडा पडला, आणि या तिन्ही ठिकाणी नंतर सरकारला ब्रॉडगेज न्यावी लागली. आज तिथं गाड्या धावतात.

आमच्या शकुंतलेचं दोन्हींपैकी काहीच झालं नाही. कोणी विकत घेतली नाही आणि कोणी वेळेत बंदही केली नाही. रेल्वे म्हणणार, रूळ आमचे नाहीत, त्यात आम्ही पैसा का घालायचा? कंपनी म्हणणार, दुरुस्ती चालवणाऱ्यानं करायची, आमचा वाटा द्या. वाटा तरी किती राहणार, उत्पन्नच आटलेलं. दोघांच्याही बाजूनं बोलणं कायदेशीर. मधे पूल खचतोय, स्लीपर कुजतोय, ताशी वेग पाच पाच किलोमीटरनं कमी होतोय. गाडी हळू म्हणून प्रवासी एसटीकडं, प्रवासी नाही म्हणून फेऱ्या कमी, फेऱ्या कमी म्हणून उरलेलेही काळीपिवळीत. १९७२ नंतर एकाधिकार कापूस खरेदी आली, कापूस पणन महासंघाच्या केंद्रावर आणि तिथून ट्रकनं जायला लागला. स्थानकाला चिकटून जिन असण्याचा अर्थच संपला. शेवटी हिशेब मांडला की ‘मार्ग तोट्यात आहे’. बरोबरच आहे. पन्नास वर्षं ज्या दुकानात माल भरला नाही ते दुकान तोट्यातच जाणार.

यात गंमत म्हणजे १९२१ साली अ‍ॅकवर्थ समितीनं सांगून ठेवलं होतं की या शाखा-कंपन्यांची भाराभर वाढ करू नका, एका मार्गाला दोन मालक झाले की गुंता होतो. तेव्हा आमच्या मार्गाला जेमतेम पाच वर्षं झाली होती.

तर ‘इंग्रजांची रेल्वे’ या गोष्टीत माझी तक्रार फक्त इतिहास चुकल्याची नाही. त्या गोष्टीमुळं दोष लंडनवर जातो आणि दिल्ली-मुंबई सुटते. सत्तर वर्षांत मालकीचा कागद सरळ करणं हे आपल्याच सरकारांचं काम होतं. सगळ्या पक्षांची सरकारं त्यात आली. प्रत्येक निवडणुकीत ‘शकुंतला ब्रॉडगेज करू’ हे वाक्य मी ऐकलंय, बॅनरसकट. सर्वेक्षणाच्या बातम्या येतात, आकडे येतात, पुढच्या वर्षी आकडा वाढून पुन्हा येतो.

“आता समृद्धी महामार्ग आलाय, रेल्वे कशाला?” हेही ऐकतो. समृद्धी कारंज्याजवळून जातो, उतरायला वाटही आहे, चांगलं आहे. पण त्यावर एसटीनं किंवा स्वतःच्या गाडीनं जायचं. ज्याच्याकडं गाडी नाही त्यानं काय करायचं? आणि एक गोष्ट लक्षात घ्या. ७०१ किलोमीटरच्या महामार्गासाठी हजारो शेतकऱ्यांकडून नवी जमीन काही वर्षांत घेतली गेली. शकुंतलेच्या वाटेची पट्टी तर शंभर वर्षांपूर्वीच घेऊन ठेवलेली आहे. तिच्यासाठी कोणाच्या शेतातून जायचं नाही.

यवतमाळचं दुखणं दुसऱ्या वाटेनं मिटेल असं दिसतंय. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा नवा ब्रॉडगेज मार्ग चालू आहे. त्यातला वर्धा–कळंब टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. यवतमाळ, दारव्हा, पुसदला गाडी येईल, उशिरा का होईना. आनंदच आहे. पण त्या नकाशात कारंजा नाही. दर्यापूर नाही, अंजनगाव नाही, अचलपूर नाही. आणि यवतमाळला नवी गाडी मिळाली की ‘शकुंतलेचा प्रश्न सुटला’ असं जाहीर होईल, याची मला खात्री वाटते.

म्हणून माझं म्हणणं नॉस्टॅल्जियाचं नाही. झुकझुक गाडी परत आणा, पर्यटनासाठी डबा रंगवा, असलं काही मी मागत नाही. त्या वेगाच्या गाडीनं कोणी अकोल्याला दवाखान्यात जाणार नाही. मागणी फार साधी आहे, आणि ती ग्रामसभेच्या, नगरपरिषदेच्या ठरावात घालता येईल अशी आहे.

जमीन सरकारनं फुकट दिली होती. मग आज मूर्तिजापूर ते यवतमाळ आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ही पट्टी सातबाऱ्यावर कोणाच्या नावावर आहे? कंपनीशी शेवटचा करार कधी संपला आणि रुळांचं, पुलांचं मूल्य कोणी, किती ठरवलं? स्थानकांच्या आवारात जी अतिक्रमणं झाली ती कोणाच्या जागेवर झाली? रेल्वेनं आणि जिल्हाधिकारी कार्यालयांनी हे कागद गावागणिक लावावेत. प्रत्येक तालुक्यात निवृत्त तलाठी, निवृत्त रेल्वेवाले आहेत, त्यांना हे कागद वाचता येतात. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. कारंजा, दर्यापूर, अंजनगाव आणि अचलपूर या चार तालुक्यांतून एकाच मजकुराचा अर्ज जायला हवा, म्हणजे चार ठिकाणची उत्तरं शेजारी ठेवून बघता येतील. अर्जाचा मसुदा मी करतोय. ज्यांना भरायचा आहे त्यांनी इनबॉक्समध्ये तालुक्याचं नाव टाका. ज्यांच्या घरी जुन्या मालपावत्या, पास, जिनाच्या वह्या असतील त्यांनी फोटो काढून ठेवा, रद्दीत घालू नका.